सुभेदारांच्या हाडांना काम

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन फलटणजवळच्या गावी परतले, तेव्हा लेकानं, जयराजनं, त्यांच्या हातातली पिशवीसुद्धा काढून घेतली. इकडची रीतच तशी. म्हाताऱ्या बापानं खोरं धरलं, की लोक लेकाच्या तोंडात शेण घालतात. ऊस जयराजनं पाहिला, धारा जयराजनं काढल्या आणि सुभेदार ओट्यावर खुर्ची टाकून गावाला सल्ले देत बसले. पाण्याचा तांब्या सून हातात आणून द्यायची. दहा-बारा वर्षं त्यांना ते गोडच लागलं, खोटं कशाला बोला.

मग एकदा उंबऱ्याला पाय अडखळला, हात टेकला आणि तेवढ्यावर मनगट मोडलं. साताऱ्याच्या डॉक्टर अश्लेषांनी तपासणी करून सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत, पुढच्या वेळी खुबा जाईल. वयाचं, औषधांचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "अंतराळवीर किती धडधाकट असतात. पण तिथं शरीराचं वजनच जाणवत नाही, हाडांवर भार येत नाही. भार नाही, तर शरीर हाड राखत नाही. महिन्या-महिन्याला ते झिजतं. म्हणून ती माणसं तिथं स्वतःला पट्ट्यांनी बांधून रोज धावतात. तुम्ही दिवसभर काय करता?"

उत्तर जयराजनं दिलं, खाली मान घालून. "आमी त्यास्नी कायबी करू देत न्हाई."

मनगट जुळलं. चाला, पायऱ्या चढा, हळूहळू हलकं ओझंही घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरात सुभेदार सगळं करू लागले, पण गावासमोर ओझं घ्यायला मन धजेना. खाटेला खिळायची धास्ती होतीच, त्याहून मोठी धास्ती लेकाच्या नाचक्कीची होती.

शेवटी जयराजनंच मळ्यात उसाच्या वाढ्याची लहानशी पेंडी बांधली आणि बापाच्या खांद्यावर ठेवली. जनावरांची वैरण घेऊन म्हातारा पुढं, आणि धट्टाकट्टा लेक रिकाम्या हातानं मागं, असे दोघं भर गावातून निघाले.

पारावरच्या नानासोंनी हटकलंच. "काय रं जयराज, सुभेदारास्नी राबवतोस व्हय?"

आजूबाजूचे बघायला लागले. सुभेदारांचे पाय थबकले, पेंडी खाली टाकावी असं वाटलं.

"व्हय नाना," जयराज म्हणाला. "राबवतोय. अजून लय वर्षं राबवायचंय."

सुभेदारांनी पेंडी खांद्यावर नीट घेतली आणि ते चालू लागले.