रिसिव्हरचं फडकं

"फडकं कुठं हाय?" मालकानं विचारलं.

मी तिसरीत होते. मिठाचा पुडा घ्यायला त्याच्या किराणा दुकानात गेले होते. मी तिथं असतानाच फोन वाजला. त्यानं उचलला आणि म्हणाला, तुह्या बापाचा हाय. मी खिडकीच्या गजांतून हात आत घातला. त्यानं रिसिव्हर मागं घेतला.

फडकं घरी होतं.

डोणगावजवळच्या आमच्या गावात तेव्हा तो एकच फोन. आम्ही बौद्धवाड्यातले. आम्ही आत जायचं नाही, खिडकीशी उभं राहायचं. रिसिव्हर द्यायचा तर आमच्याच घरच्या फडक्यात गुंडाळून. म्हणून आईनं जुन्या लुगड्याचा तुकडा चारी बाजूंनी दुमडून, बारीक टाके घालून शिवला होता. प्रत्येक फोननंतर ती तो धुवायची. बाबा कारगिलला होते. लढाई चालू होती.

"मालक, आज तसाच द्या ना."

"आन पह्यले. मंग बोल."

त्यानं रिसिव्हर साखरेच्या पोत्यावर ठेवला. त्यातून बाबांचा आवाज येत होता. अगदी बारीक. "हालो. कोन हाय? हालो." मी ओरडले, बाबा, मी हाय, थांबा. त्यांना ऐकू गेलं का, मला आजही माहीत नाही.

मग पळाले. अनवाणी. परत आले तेव्हा रिसिव्हर जागेवर होता.

"कटला," मालक म्हणाला. मिठाचा पुडा पुढं सरकवला.

पुढचा फोन बाबांच्या पलटणीतून आला. तेव्हा माझ्या हातात फडकं होतं.

त्यानंतर दर पंधरा ऑगस्टला शाळेत शहिदाची बायको म्हणून आईला शाल-श्रीफळ. मालकाच्याच हातून. मी पाठ करून बोलायचे, मालकांच्या फोनमुळे आम्हाला बाबांचा आवाज ऐकायला मिळाला, त्यांचे उपकार विसरणार नाही. टाळ्या पडायच्या. मनात एकच असायचं. मी हळू पळाले. शाळेच्या शर्यतीत मी पुन्हा कधी उतरले नाही.

बुलढाण्याच्या कॉलेजात मॅडमनी मला हाताला धरून शिकवलं. पुस्तकं दिली, त्यांच्या घरी जेवू घातलं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, ती त्यांच्यामुळं. हे मी मनापासून लिहिते. म्हणून यंदा मॅडम सैनिकांच्या मुलांच्या आठवणींचं प्रदर्शन मांडायला निघाल्या, लहानपणची एखादी वस्तू आण आणि तिची चिठ्ठी लिही म्हणाल्या, तेव्हा मी फडकं नेलं. चिठ्ठी लिहिली. जसं घडलं तसं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी हॉलवर गेले. फडक्याखाली दुसरी चिठ्ठी होती. 'वडिलांच्या आठवणीने लेकीने डोळे पुसले तो रुमाल.' शेजारच्या टेबलावर तो फोन. मालकानं दिलेला. 'याच फोनने गावाला सीमेशी जोडले.' उद्या दिवा लावायलाही मालकच येणार होता.

मॅडम खालच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, आपल्याला युद्धाची आठवण हवी आहे. ही गावातली गोष्ट झाली. माझ्यासाठी एवढं कर."

हो मॅडम, असं ओठावर आलं होतं. सवयच ती. बाहेर व्हरांड्यात जाऊन आईला मोबाइल लावला. तिला चिठ्ठी बदलल्याचं सांगितलं, म्हटलं, जाऊ दे, चूक माझीच होती, मी वेळेत पोचले नाही.

आई म्हणाली, "तू हळू नव्हती पळाली, माय. तुह्या पायातून रगत निघत होतं. म्या पाह्यलं. हे तुले कोनं सांगतलं?"

कोणीच नाही. मीच सांगत आले होते, इतकी वर्षं.

आत आले. रिसिव्हर उघड्या हातानं उचलला. पहिल्यांदा. कानाला लावला. आत काही नव्हतं. मग मी फडकं घेतलं, रिसिव्हरभोवती गुंडाळलं, गाठ मारली, टेबलाच्या कडेला पडलेली माझी चिठ्ठी त्यावर ठेवली.

"मॅडम, ठेवायचं तर असंच."

त्या म्हणाल्या, असं नाही ठेवता येणार.

मी गाठ सोडली. फडकं घेऊन निघाले. मॅडमचं ऋण माझ्यावर आहे, ते राहील. ते फेडायला मी बाबांचा आवाज देणार नाही.

उद्या दिवा लागेल तेव्हा मी हॉलच्या दारात उभी राहणार आहे. आई सकाळच्या एसटीनं येते आहे. मालक आत जाईल तो आमच्या समोरून. विचारेल त्याला सांगेन, न विचारेल त्यालाही सांगेन. हा रुमाल नाही. हे फडकं आहे. आणि आता ते कुणी धुवायचं नाही.