कळप थांबवणारी आत्या

माझ्या आत्याला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी माझ्याशी बोलायचं.

काल बावड्यात बायडाआत्याचा दहावा झाला. एका पाहुण्यानं माईक घेतला आणि म्हणाला, "अडाणी असूनही मनानं मोठी बाई."

लोकांनी माना डोलावल्या.

तिथं मी गप्प बसलो. दहाव्याला भांडू नये म्हणतात. इथं पोस्टमध्ये चालतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीच्या कॉलेजातून लोणी भापकरला घरी आलो आणि परत गेलोच नाही.

जेवण जाईना. अंघोळ म्हणजे डोंगर चढणं. कारण विचाराल तर काहीच नाही. नापास नाही, प्रेमभंग नाही. कारण असतं तर सांगता तरी आलं असतं.

डिप्रेशन हा शब्द तेव्हा आमच्या गावात पोचला नव्हता. एस.टी. पोचायची, तीही मनात आलं तर.

मदत मागायची कशी, याची मी उसाच्या बांधावर बसून प्रॅक्टिस करायचो.

आईला म्हणालो, "आई, कसंतरीच होतंय गं."
आईनं ओवा दिला.

दादाला म्हणालो, "मला काय झालंय कळंना."
"बसून खायची सवय झालीया."

वडिलांना म्हणालो, "तात्या, मला जमत न्हाय आता."
"नको जमवू. ट्रॅक्टर धुऊन काढ."

गावच्या डॉक्टरनं लाल सलाईन लावलं. शेजारचे बघायला आले आणि माझ्यासाठी आणलेली केळी खाऊन गेले.

दादा बी.एस्सी., तात्या जुने मॅट्रिक. अशा शिकलेल्या घरात मी तीन महिने भिंतीकडं तोंड करून पडलो, आणि सगळ्यांचं निदान एकच. नाटकं.

मग बावड्याहून आत्या आली. तात्यांची थोरली बहीण. शाळेची पायरी न चढलेली. लहानपणी माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबाच्या, मेंढरांमागं रानोमाळ फिरलेली. मेंढरं कधीच विकली, नजर तेवढी शाबूत होती.

भर दुपारी ती माझ्याशेजारी शेंगा फोडत बसली. अर्धी पायली फोडून संपवली.

मग म्हणाली, "तुला सांगाया येत न्हाय ना? नगं सांगू. मी इचारते. तू निस्तं व्हय-न्हाय म्हण."

"झोप लागती?"
"न्हाय."
"आमचा राग येतो?"
"न्हाय."
"सोताचा?"
"व्हय."

तिचा हात थांबला.

"जगू नये वाटतं?"

तीन महिने बांधावर बसून जे वाक्य मला जुळवता आलं नव्हतं, ते तिनं आयतं माझ्यापुढं ठेवलं.

"व्हय."

ती रडली नाही. सूप बाजूला सारून थेट तात्यांपुढं उभी राहिली.

"उद्या ह्याला पुण्याला डोक्याच्या डॉक्टरकडं न्यायचं."
"उद्या कॅनॉलच्या पाण्याची पाळी हाय, आक्का. ऊस वाळंल."
"वाळू दे."
"लोक येडा म्हणतील त्याला!"
"म्हणू देत. एखादं मेंढरू कान पाडून कडंला ऱ्हायलं, तर आपला आबा काय करायचा रं? कळप थांबवायचा का मेंढरू टाकून जायचा?"

पाण्याची पाळी चुकली. दुसऱ्या दिवशी अख्खं घर एस.टी.त बसलं होतं.

वर्षभर गोळ्या घेतल्या. आज ही पोस्ट लिहितोय, म्हणजे काय झालं ते कळलंच असेल.

आणि तिला बक्षीस काय? "चोंबडी. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणली." असं म्हणणारे काल माना डोलावणाऱ्यांतलेच होते काही.

पण खरा राग त्यांचा नाही.

दोन वर्षांपूर्वी आत्याचे मालक वारले. नंतर भेटायला गेलो, तर ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. ताटातली भाकरी तशीच.

मी बघितलं. मला कळलं. माझ्याइतकं कुणाला कळणार होतं?

"आत्या, बरी हायेस ना?"
"बरी हाय."

'बरी हायेस ना' हा प्रश्न नसतो, पळवाट असते. खरे प्रश्न मला तोंडपाठ होते. पण पुण्यात मीटिंग होती. चहा प्यायलो, गाडी काढली.

दहा-अकरा दिवसांपूर्वी ती झोपेतच गेली. डॉक्टर म्हणतात, हार्ट. असेल. त्या दोन वर्षांत तिच्या मनात काय होतं, ते मला कधीच कळणार नाही.

तेव्हा माईकवाले पाहुणे, अडाणी कुणाला म्हणायचंच असेल तर मला म्हणा.

आत्या, तुझ्यासाठी मी थांबलो नाही गं.

जा. सुखानं जा.