धापेसकट

प्लेनोतले आमचे अमेरिकन शेजारी आजोबा पूर्वी कंट्री गाण्यांच्या रेकॉर्ड काढायचे, गाणीही लिहायचे. समोरच्याचं बोलणं संपलं की ते क्षणभर डोळे मिटतात, पुन्हा ऐकत असल्यासारखे.

आई आली होती तेव्हा त्यांनी पोर्चवर तिचं भीमगीत रेकॉर्ड केलं. मधे मधे तिला धाप लागत होती.

“तेवढं कट करता येईल?” मी विचारलं.

“येतं. जन्मभर तेच केलं. बायकोच्या गाण्यांतला एकेक श्वास काढून टाकला. आता ती नाही, आणि गाण्यांत ती कुठेच श्वास घेत नाही.”

त्यांनी गाणं धापेसकट दिलं. मला म्हाताऱ्याचं खूळ वाटलं. मी घरी लॅपटॉपवर धाप कट केली आणि ओरिजिनल डिलीट केलं.

मार्चमध्ये आई गेली. ओरिजिनल त्यांच्याकडे असेलच. रोज समोर दिसतात, हात हलवतात. मागायची हिंमत होत नाही.