मावशी दचकली

माझ्या हाताला कोणी नावं ठेवू शकत नाही. लग्नाला चौदा वर्षं झाली, बायकोवर किंवा पोरीवर एकदाही हात उचललेला नाही. हे मी चारचौघांत छाती ठोकून सांगायचो. राग आला की मी माझंच डोकं आपटून घ्यायचो. बेडरूममधल्या लोखंडी कपाटाच्या दारावर, कपाळ, धाडकन. एकदा मिक्सरचं झाकण नीट लावलं नव्हतं, चटणी भिंतभर उडाली, त्यावरून. एकदा शाळेच्या मीटिंगची वेळ मला सांगायची राहून गेली, त्यावरून. "आता डोकं आपटून घेऊ का तुमच्यापुढे?" असं ओरडायचो आणि खरंच घ्यायचो. टेंगूळ मला यायचं, ठणकायचं माझं. मग बाकीच्यांना काय त्रास, असा माझा सरळ समज. दाराला खड्डा पडला तेव्हा बायकोने त्यावर लेकीच्या शाळेचं टाइमटेबल चिकटवलं.

यंदा मे महिन्यात बायकोच्या बहिणीची मुलगी खोपटहून आमच्याकडे डोंबिवलीला राहायला आलेली. ती तेरा वर्षांची, आमची दहाची. दोघींकडे हातात धरून खेळायचे ते छोटे गेम. त्यात राक्षस पाळायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. जेवायला दहा हाका मारल्याशिवाय उठतील तर शप्पत.

रविवार होता. मानपाड्याच्या आमच्या कारखान्याला सुट्टी. मी बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलेलो. आतून भाची किंचाळली, "मावशी दचकली! मावशीचा टर्न गेला!" आणि दोघी खिदळल्या.

तिची मावशी म्हणजे माझी बायको. ती तर स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. म्हटलं ही काय भानगड, आणि कप घेऊन आत गेलो.

दोघी पलंगावर मांडी घालून समोरासमोर. मी लेकीशेजारी टेकलो. "काय गं, कोणाला दचकवताय?"

"बाबा, हे बघ, हा डोकं मारायचा अटॅक." लेक खुशीत होती. तिचा राक्षस करड्या रंगाचा, मान आखूड, डोकं हे एवढं. तिने बटण दाबलं. तो धावत गेला आणि समोरच्याच्या छातीत डोकं घातलं. समोरचा थरथरला आणि उभाच राहिला.

"दचकला की त्याला काही करताच येत नाही. टर्न जातो. आपण परत मारायचं."

"आणि मारणाऱ्याला नाही लागत?"

"छे! त्याचं लाइफ कमी होत नाही."

"असं कसं? डोकं आपटलं तर त्यालाही लागणार ना! अक्कल आहे का गेम बनवणाऱ्याला?" मी आपला वाद घालत बसलो.

"नाही लागत, बाबा. ज्याला मारलं त्यालाच लागतं. फक्त आपण पहिलं मारायला पाहिजे. म्हणून मी ह्याचा स्पीड वाढवलाय. हा नेहमी पहिला मारतो."

हे सांगता सांगता तिने अंगठा उचलला. अंगठ्याखाली राक्षसाचं नाव होतं. ह्या गेममध्ये नाव आपण ठेवायचं असतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: बाबा.

मी समोरच्याचं नाव वाचलं. आई.

"हे काय?" मी विचारलं. ओरडलो नाही. देवाशप्पत, ओरडलो नाही.

भाचीच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, गंमत आहे हो. असंच ठेवलंय."

लेकीला नक्की काय दिसतं माझ्यात, एवढंच मला कळायला हवं होतं. स्क्रीनवर आणखी काय लिहिलंय ते बघायला मी खाली वाकलो आणि माझं डोकं तिच्या डोक्याला लागलं. ओझरतंच.

आमच्यात डोक्याला डोकं लागलं की लगेच परत एकदा लावायचं, नाहीतर शिंगं येतात. ती चालायला लागल्यापासून हा आमच्या दोघांचा खेळ. मुद्दाम डोकं लावून पळायची, आणि दुसऱ्या टकरीसाठी मी घरभर तिच्या मागे. म्हणून सवयीने मी डोकं पुढे केलं.

तिने डोळे घट्ट मिटले. खांदे कानांपर्यंत वर गेले. गेम मांडीवरून घसरून फरशीवर आपटला, तरी तिचा हात हलला नाही.

माझ्या काळजात चर्र झालं. नाव वाचून झालं नव्हतं एवढं. अरे, माझी पोरगी मला घाबरते? मला? ज्याने आयुष्यात कधी हात उचलला नाही त्याला? कपाटावर मी डोकं आपटायचो तेव्हा ह्या दोघी कुठे उभ्या असायच्या, काय करायच्या, हे आठवून बघितलं. आठवेना. मी कधी बघितलंच नव्हतं. माझं लक्ष माझ्या टेंगळाकडे.

दारात बायको येऊन उभी राहिलेली. पडल्याचा आवाज ऐकून आली असणार. तिने आधी लेकीकडे पाहिलं, मग माझ्या कपाळाकडे, मग कपाटाकडे. मला तिचा चेहरा बघवेना.

मी डोकं तसंच खाली धरून बसलो. म्हटलं, "शिंगं येतील गं. तूच लाव. तुझा टर्न."

भाचीने गेम उचलून उशीखाली सरकवला. बऱ्याच वेळाने लेक जवळ आली आणि तिने कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं.

टक्कर देताना ती नेहमी डोळे मिटून हसायची. या वेळी ते सताड उघडे होते, आणि माझ्यावर लक्ष ठेवून होते.