गोष्टीतला मुलगा

मला वाचवलं ते त्या ताईनं. तिनं माझं नाव झाकलं, म्हणून मीही तिचं लिहीत नाही.

माझं गाव लांब, हिंगोलीकडं. शिरूरच्या ज्या खानावळीत मी पोळ्या लाटते, तिथं ती जेवायची. शाळा सोडलेल्यांवर तिचं संशोधन चाललेलं. वयानं माझ्याएवढीच, पण तिच्या बोटांना शाई आणि माझ्या बोटांना कणीक. याचा मला फार हेवा वाटायचा. अवघड प्रश्नाआधी ती पेनाला टोपण लावायची. "नको म्हणालीस तर नाही लिहिणार."

मी सांगून टाकलं. आठवीत शाळेच्या खिचडीचे तांदूळ मी भावासाठी चोरले, सापडले, पुन्हा शाळेत गेले नाही. खानावळीच्या मालकीण काकूंना हे कळलं असतं तर माझ्याकडची कोठीची किल्ली गेली असती, कामही गेलं असतं.

ताईनं गोष्ट लिहिली आणि आधी मला वाचून दाखवली. गोष्टीत माझ्या जागी एक मुलगा होता, तांदळाच्या जागी अंडी होती.

"ओळखू येतेस का?"

"न्हाई."

"मग वाचू लोकांसमोर?"

"वाचा."

दौंडला शिक्षकांच्या बैठकीत तिनं ती वाचली. जेवण आमच्याच खानावळीचं होतं, म्हणून काकू आणि मी तिथंच होतो. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "आगं, आसलं लेकरू माझ्याकडं आलं आसतं, तर पोटाशी धरलं आसतं गं."

"व्हय काकू," म्हणत मी ताटं मांडत राहिले. त्या नसलेल्या मुलाचा मला ताईहूनही जास्त हेवा वाटला.

ताईनं माझ्याकडं पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

एक दिवस काकूंना मीच सांगेन. मग ताईच्या वहीत माझं नाव माझ्या हातानं लिहीन. तिचे उपकार मी तसेच फेडणार आहे.