गार्डाशिवाय गाडी

आमचे थोरले दीर हनुमंतराव रेल्वेत गार्ड होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गाडीतून उतरले म्हणून नाहीत. तंजावूरच्या आमच्या घरात माणसाला नावानं हाक मारतील तर शपथ! त्यांची बायको, माझी जाऊ भारती ‘बँकर’, म्हणजे घाटात गाडीला मागून ढकलणारं इंजिन. मोडके पंखे, मिक्सर टाकायची खोली ‘सिक लाइन’. रेल्वेत आजारी डबे उभे करतात ती जागा. आणि मी ‘मालगाडी’. का, तर अंगानं भारी आणि चालीला सावकाश! पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचे. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा माझा.

त्यांनी दारात हिरवं निशाण दाखवल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही. गार्डाशिवाय गाडी हलत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

त्यांच्या मुलीचा, हरिप्रियाचा साखरपुडा पापनाशमला ठरला. राहुकाळ लागायच्या आत दोन्हीकडच्या वडिलांनी तांबूलाची ताटं बदलायची. मुहूर्त चुकला तर पुढे आडी महिना, त्यात शुभकार्य करत नाहीत, म्हणजे सगळंच लांबणार. त्या दिवशी स्टेशनवर आम्ही डब्यात जाऊन बसलो. दीर मात्र फलाटावर! गार्ड गाडी हलल्यावर चढतो ना. हात वर करून ऐटीत उभे. पण आताची विजेची गाडी ती, सुटली ती सुटलीच. चार पावलं धावले, धाप लागली आणि राहिले तिथंच.

मी साखळीकडे हात नेला. भारतीनं तो धरला.

"राहू दे. गाडी थांबली तर पोरीचा मुहूर्त जाईल."

मग पापनाशमला त्यांच्या जागी माझे यजमान आणि मी जोडीनं पाटावर बसलो, ताट बदललं. हरिप्रिया पाया पडताना रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? केसरी, बोंडा, कॉफी सगळं उरकलं, तेव्हा कुठे बसनं धक्के खात हनुमंतराव उगवले. घामाघूम. पाट रिकामे बघून चेहराच उतरला त्यांचा.

"मी नसताना हिरवं कुणी दाखवलं?"

भारती विडे लावत होती. मानही वर न करता म्हणाली, "मालगाडीनं."

हनुमंतराव खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले. हळूच म्हणाले, "कमलाक्षी, थोडी कॉफी उरलीय का?"

लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या तोंडून माझं नाव पहिल्यांदा ऐकलं. दिली कॉफी. निवलेली.