उबीनचा खडकाळ किनारा

सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे सिंगापूरला, वुडलँड्समधल्या घरी आल्या होत्या. भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, सह्याद्रीतले बरेच किल्ले पायाखालून गेलेले. नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं, म्हणून त्या रविवारी मीच त्यांना बोटीने पुलाउ उबीन बेटावर घेऊन गेले. तिथे भाड्याने मिळणाऱ्या सायकली नकोत म्हणाल्या. त्यांना खडक बघायचे होते.

ओहोटी होती. बेटाच्या उत्तर किनाऱ्याने आम्ही वाळूतून, दगडांवरून चालत निघालो.

"आपल्याकडचा काळा दगड म्हणजे वर येऊन थंड झालेला लाव्हा. हा ग्रॅनाइटही तसल्याच तप्त रसाचा, पण जमिनीच्या पोटातच थिजला," त्या सांगत होत्या. मी हं हं करत होते. भरती कधी येणार ते बघून निघावं, हे मला सुचलंच नव्हतं.

एका मोठ्या खडकाला वळसा घातला आणि मागे पाहिलं, तर आलो ती वाळूची पट्टी पाण्याखाली. पुढे सरळ कडा. नवऱ्याला फोन लावायला गेले, तर फोनने खाडीपलीकडचं नेटवर्क पकडलेलं, स्क्रीनवर मलेशियात स्वागत असल्याचा मेसेज. कॉल काही लागेना. पाणी चढतच होतं.

"आता वरच जायचं," सासूबाई म्हणाल्या. दोन खडकांमध्ये तिरकी फट होती, वर झाडी. त्या आधी चढल्या. माझा पहिल्याच टप्प्यावर पाय सरकला. दगडाला चिकटलेल्या शिंपल्यांनी तळहात कापला. लाट येऊन गुडघ्यापर्यंत भिजवून गेली आणि माझे पाय हलेचनात.

"अहो आई, मला नाही जमणार!"

"खाली बघू नको. डावा पाय त्या खाचेत टाक."

"नाही! अगं आई, हात दे ना!"

लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्यांना मी कधी अगंतुगं केलं नव्हतं. त्या पोटावर आडव्या झाल्या आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"दिला. ये आता."

काटेरी झुडपांतून अर्धा तास धडपडल्यावर सायकलींचा रस्ता लागला. धक्क्याजवळ शहाळी घेतली. सासूबाईंनी आपलं शहाळं दोन्ही हातांनी धरलं, तरी पाणी साडीवर सांडलं.

"तुम्ही घाबरला होतात?"

"मग? पण दोघींनी घाबरून कसं चाललं असतं?" त्यांनी माझ्या तळहाताला रुमाल बांधला. "घरी नुसतं पडले म्हणून सांग. नाहीतर तो मला पुढच्याच विमानात बसवेल."

घरी नवऱ्याने हात पाहिला. "कुठे पडलीस?"

मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "चूक माझी. मीच तिला पुढे पुढे नेलं."

"नाही," मी म्हटलं, "भरतीची वेळ बघायचं माझ्याकडून राहिलं."

तो आमच्या दोघींकडे बघत राहिला. मग डेटॉल आणायला गेला.